मनमोकळं : दारू एकच असते, मग सोडवायचे गट वेगळे कशाला?

गेल्या अंकात व्यसनावर चार ओळी लिहिल्या होत्या, की घरच्यांनी आधी रोजची भांडणं थांबवावीत आणि माणसाला डॉक्टरकडं न्यावं. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा अख्खा सदराचा भाग त्यालाच दिलाय. नावं कुणाचीच छापत नाही, सोलापूरची पेठ नाहीतर भाग तेवढा ठेवलाय. लांब पत्रं थोडी कापलीत, त्याबद्दल राग नसावा.

प्रश्न (साखर पेठ) : ताई, माझा मुलगा अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात शिकतो. कॉलेजच्या कामातून तो तिथल्या एका चर्चमध्ये व्यसन सोडणाऱ्यांच्या गटाला मदत करायला जातो, इमानी असं काहीतरी नाव आहे. फोनवर सांगत होता की हा गट खास ब्लॅक आणि लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतून आलेल्या, लोकांसाठी आहे, त्यांच्याच चर्चमध्ये भरतो आणि त्यांचीच माणसं तो चालवतात. मी म्हटलं अरे दारूला काय जात असते का, पिणारा तो पिणारा, त्यात पण वेगळेपणा कशाला? तो म्हणाला आई तू समजून घे, पण त्याला नीट सांगता येईना आणि मला काही पटेना. उद्या आपल्याकडं पण जातीजातीचे गट करायचे का?

उत्तर : काकू, पटत नाही म्हणून विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हाच प्रश्न मला इथले शिकलेसवरलेले लोक पण विचारतात. दारूला जात नसते हे खरंय, लिव्हर सगळ्यांचं सारखंच खराब होतं. पण दारू सोडायची म्हणजे माणसाला कुठंतरी जाऊन बसावं लागतं, कुणापुढं तरी तोंड उघडावं लागतं, आणि तिथं त्याला कसं वागवतात यावर तो दुसऱ्या दिवशी परत येतो का नाही ते ठरतं. ही वागणूक काही सगळ्यांना सारखी मिळत नाही, ना तिथं ना इथं.

तुमचा मुलगा जातो तो इमानी ब्रेकथ्रू नावाचा कार्यक्रम. तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या डॉ. अयाना जॉर्डन आणि डॉ. शिरेल बेलामी या दोघींनी कनेक्टिकटमधल्या ब्लॅक आणि लॅटिनो चर्चना बरोबर घेऊन तो उभा केला. एकूण २२ आठवडे चालतो, पहिले १२ आठवडे गटात बसून शिकायचं आणि बोलायचं, पुढचे १० आठवडे एकमेकांना धरून राहायचं. गट चालवणाऱ्यांत चर्चमधली माणसं असतात आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं असतात. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे आत यायच्या आधी पूर्ण सोडलेलंच पाहिजे अशी अट नाही. पिऊन आलास तरी ये, बस, जेव, बोल. आणि बोलणं फक्त ड्रग्जवर नाही, तर घरभाडं, नोकरी, कोर्टातली केस, मुलांचा ताबा, सगळ्यावर. ज्याला औषधाची गरज आहे त्याला औषधापर्यंत पण पोचवतात.

आता चर्चच का, दवाखाना का नाही? कारण त्या लोकांचा दवाखान्यावर विश्वास उरलेला नाही आणि त्याला कारणं आहेत. अलाबामातल्या टस्कीगी भागात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानं शेकडो ब्लॅक पुरुषांना सिफिलिस असताना मुद्दाम उपचार दिले नाहीत, रोग कसा वाढतो ते बघायला, पेनिसिलिन मिळायला लागलं तरी दिलं नाही. ही गोष्ट आजोबांनी नातवाला सांगितलेली असते. तो नातू पांढरा कोट घातलेल्या माणसापुढं बसून मी किती पितो, काय ओढतो हे खरं सांगेल का? आणि सांगितलं तर पोलिसांत जाईल, पोरं काढून घेतील ही भीती वेगळीच.

आणि वेगळेपणा त्यांनी हौसेनं केलेला नाही काकू. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे ए.ए., ही दारू सोडणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना, १९३५ साली सुरू झाली, पण पुढची बरीच वर्षं तिथल्या कित्येक गटांत ब्लॅक माणसाला खुर्चीच मिळत नव्हती. मग १९४५ साली वॉशिंग्टनमध्ये एका ब्लॅक डॉक्टरनी, जे स्वतः दारूतून बाहेर पडत होते, आपल्या लोकांसाठी गट सुरू केला. दार बंद होतं म्हणून दुसरं दार काढलं, एवढंच ते.

लॅटिनो लोकांचं अजून वेगळं. त्यात मेक्सिकोचे आले, पोर्तो रिकोचे आले, डॉमिनिकन आले, सगळे एक नाहीत, पण बऱ्याच घरांत एक गोष्ट सारखी, की माणूस एकटा दवाखान्यात जात नाही, घर बरोबर येतं. आई, बायको, थोरला भाऊ. तिथल्या नेहमीच्या सेंटरमध्ये म्हणतात पेशंटशी एकट्याशी बोलायचंय, बाकीचे बाहेर थांबा, आणि तिथंच गाडं अडतं. म्हणून तिकडं वस्तीतल्याच बायकांना शिकवून तयार करतात, त्यांना प्रोमोतोरा म्हणतात, त्या घरोघर जाऊन स्पॅनिशमध्ये बोलतात, आपल्या आशाताईंसारखंच काम.

जातीजातीचे गट करायचे का, असं विचारलंत. नाही, कुणाला बाहेर ठेवायला गट करायचाच नाही. पण माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या वस्तीत, त्याच्या कामाच्या वेळा सांभाळून बसता येईल अशी जागा हवी, आणि ती जागा चालवणाऱ्यांत त्याच्यासारखा एक तरी माणूस हवा. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत ऐकू येतात, आणि व्यसनमुक्तीचं भाषण मात्र एकाच भाषेत, तेही पुस्तकी! भारतात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकाला कसलातरी उपचार मिळतो, असं २०१९ साली आलेल्या सरकारी पाहणीत दिसलं. उरलेले ३७ सगळे काय सोडायला तयार नव्हते म्हणून राहिले असं मला तरी वाटत नाही.

प्रश्न (बुधवार पेठ) : जय भीम ताई. आमच्या मंडळाच्या पोरांनी ठरवलंय यंदा जयंतीला डीजेवरचे पैसे कमी करायचे आणि वस्तीत व्यसनमुक्तीचं काहीतरी करायचं. दलित पँथर १९७२ ला निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून हे आम्हाला माहितीय, पण ब्लॅक पँथरवाल्यांनी ड्रग्जवर पण काम केलं होतं असं कुणीतरी म्हणालं. खरं का? आणि आमच्यात कोण डॉक्टर नाही, तर आम्ही नेमकं काय करू शकतो?

उत्तर : जय भीम दादा. खरंय, आणि ती हकीकत तुमच्या मंडळात सगळ्यांना सांगा. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात लिंकन हॉस्पिटल आहे, वस्ती ब्लॅक आणि पोर्तो रिकन लोकांची, गल्लीगल्लीत हेरॉइन आणि हॉस्पिटलची अवस्था एवढी वाईट की लोक त्याला खाटीकखाना म्हणायचे. जुलै १९७० मध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेनं त्या हॉस्पिटलची एक इमारतच ताब्यात घेतली आणि मागण्या लावून धरल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथरची माणसं, स्वतः व्यसनी असलेले आणि सोडलेले लोक, काही डॉक्टर, सगळ्यांनी मिळून तिथं डिटॉक्स, म्हणजे अंगातली नशा उपचारानं उतरवायचं केंद्र, सुरू केलं. सुरुवातीला हेरॉइनऐवजी मेथाडोन हे औषध देऊन ते हळूहळू कमी करायचे, पुढं कानात पाच ठिकाणी सुया टोचायची पद्धत आणली, ती आज पण जगात बऱ्याच ठिकाणी वापरतात. आणि सुया लावून बसलेल्या माणसांशी चर्चा काय, तर आपल्याच वस्तीत हा माल एवढा येतो कुठून, आपल्याला काम का नाही, आपली घरं अशी का आहेत. १९७८ मध्ये महापौर एड कॉच यांच्या काळात त्या लोकांना तिथून हुसकावलं.

नुसत्या सुयांनी व्यसन सुटतं असा भक्कम पुरावा नाहीये, ते तुम्हाला सांगून ठेवते, नाहीतर उद्या कोणीतरी सुयांचं शिबिर लावेल. माझ्या मते तिथं चाललं ते यासाठी की माणूस आत आला की त्याला ओळखीचा चेहरा दिसायचा, आणि तो चेहरा त्याला गुन्हेगार समजत नव्हता.

अजून एक गोष्ट. फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामीतून पळून सुटले आणि पुढं मोठे नेते झाले, त्यांनी लिहून ठेवलंय की नाताळच्या सुट्टीत मालक लोक गुलामांना मुद्दाम भरपूर दारू पाजायचे, त्यांच्यात पैजा लावायचे, म्हणजे चार दिवसांनी त्या माणसाला स्वातंत्र्याचीच शिसारी यावी आणि तो मुकाट्यानं कामाला लागावा. डग्लस पुढं दारूबंदीसाठी पण भाषणं देत फिरले. दारू सोडणं हे गुलामी सोडण्याशी जोडलेलं आहे ही जाणीव त्या समाजात तेव्हापासून आहे. आपल्याकडं वेगळं काय आहे? १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात मी दारू पिणार नाही ही आहेच, पंचशीलातलं पाचवं शील तेच. म्हणजे तुमच्या विहारात हे बोलायला बाहेरून कुणी पाहुणा आणायची गरजच नाही. फक्त ती प्रतिज्ञा पिणाऱ्याच्या तोंडावर मारू नका, की तू बौद्ध म्हणवतोस आणि पितोस. तो विहारात यायचाच बंद होईल, आणि पिणं काही बंद होणार नाही.

डॉक्टर नसताना काय करायचं म्हणता, खूप काही. आठवड्यातून एक ठरलेल्या वेळी विहाराची खोली उघडी ठेवा, सोडलेला एखादा मोठा माणूस वस्तीत असतोच, त्याला पुढं करा. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जायचं असेल तर कुणीतरी बरोबर जा, केसपेपर काढायच्या रांगेत उभे राहा, कारण हात थरथरणारा माणूस त्या रांगेतूनच परत फिरतो आणि सरळ गुत्त्यावर जातो. रिक्षाचे पैसे द्या. तो ॲडमिट असेल तितके दिवस त्याच्या घरी रेशन आहे का बघा. आणि स्टेजवर उभं करून सगळ्यांपुढं शपथ घ्यायला लावणं, फोटो काढणं, हे अजिबात करू नका. पुढं पाय घसरला तर तोच फोटो त्याला वस्तीत तोंड दाखवू देत नाही.

प्रश्न (विडी घरकुल, कुंभारी) : ताई, मला मराठी बोलता येतं पण लिहिता येत नाही, पोरगी लिहून देतीय. आमचे मालक यंत्रमागावर टॉवेलच्या कामाला होते. सकाळी ताडी, संध्याकाळी क्वार्टर. सकाळी उठल्यावर हात इतके थरथरतात की चहाचा कप धरता येत नाही, ताडी पोटात गेली की थांबतात. दिरानं एका लांबच्या सेंटरला नेलं होतं. तिथं सगळे मराठीत बोलणारे, यांना सगळ्यांपुढं उभं करून तुझी गोष्ट सांग म्हणाले, यांना घरात तेलुगूच बोलायची सवय, दोन शब्द बोलले आणि पोरं हसली. तीन-चार दिवसांत पळून आले, आता सेंटरचं नाव काढलं की अंगावर येतात. नणंद म्हणते एक पावडर मिळते, न सांगता आमटीत टाकायची, दारूची शिसारी येते. दीर म्हणतो तीन दिवस खोलीत कोंडू, आपोआप सुटेल. काय करू?

उत्तर : अक्का, आधी दोन्ही गोष्टींना नाही म्हणा, आज म्हणजे आजच. पोरीला हे उत्तर नणंदेला आणि दिराला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

पावडर म्हणून जे देतात त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सगळं सांगून, तपासण्या करून आणि त्याची तयारी असेल तरच. ते पोटात असताना माणूस नकळत प्याला तर उलट्या होतात, छातीत धडधडतं, बीपी एकदम खाली येतं, माणूस जाऊ पण शकतो. न सांगता आमटीत टाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

कोंडून ठेवणं पण तितकंच वाईट. सकाळी हात थरथरतात आणि प्यायल्यावर थांबतात याचा अर्थ शरीराला दारूची सवय लागलीय, नुसत्या मनाला नाही. अशा माणसाची दारू अचानक तुटली की काही तासांत थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास व्हायला लागतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, कुठं आहे ते कळत नाही. नेमके हेच तीन दिवस दीर कोंडा म्हणतोय. दवाखान्यात हे सगळं औषधानं आटोक्यात ठेवता येतं, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात, माणूस सुखरूप बाहेर येतो.

ताडीचं डॉक्टरला वेगळं सांगा, विसरू नका. भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलम, डायझेपाम असली गुंगीची औषधं सापडलीत. तेलंगणात २०१५ साली सरकारनं भेसळीवर कडक कारवाई केली, तेव्हा रोजची ताडी अचानक तुटल्यानं निझामाबाद, महबूबनगर भागात लोकांची दवाखान्यात रीघ लागली, कुणाला फिट, कुणाची मान वाकडी, कुणी भ्रमात बडबडतंय. म्हणून दारूची आणि ताडीची, दोन्हीची खरी मात्रा सांगायची.

आता सेंटरचं. त्यांना तिथं राहवलं नाही यात त्यांचा काही दोष नाही. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचं पण हेच होतं, इंग्रजीत चाललेल्या गटात माणूस कोपऱ्यात गप्प बसतो, सगळ्यांना वाटतं याला सोडायचंच नाहीये. म्हणून त्यांनी मेक्सिकोकडून आलेली आनेक्सो नावाची राहण्याची ठिकाणं कॅलिफोर्नियात उभी केली, सोडलेले लोकच चालवतात, सगळं स्पॅनिशमध्ये, पैसे कमी. मात्र त्यातल्या काही ठिकाणी माणसाला जबरदस्तीनं आणून डांबणं, अंगावर ओरडणं, मारणं असं पण चालतं. म्हणजे चालवणारी आपली माणसं असली तरी ती चांगलंच वागवतील असं नाही. आपल्याकडं पण सेंटर बघताना आधी विचारा, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, साखळी-मारहाण तर नाही ना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला सक्त बंदी आहे, हे तोंडावर सांगा.

तुम्ही आधी सिव्हिलला न्या, सोबत तेलुगू आणि मराठी दोन्ही येणारा, मालकांच्या वयाचा, त्यांना मान देणारा माणूस न्या, पोरीला दुभाषी करू नका. बापाला पोरीसमोर खरं सांगता येत नाही आणि त्या पोरीनं ते सगळं डॉक्टरला सांगायचं हे तिच्यावर पण ओझं. मामा, मागावरचा जोडीदार, देवळातला कुणी, बघा कोण तयार होतंय.

आणि तुमचं स्वतःचं. तुमच्यासारख्याच बायकांची एक बैठक मी बघितलीय. सुरुवातीला ती दुपारी ठेवली होती तर कुणी यायचंच नाही, कारण हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय मजुरी नाही. मग एकीनं सांगितलं आम्ही सूप घेऊनच येतो. तेव्हापासून मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, बोटानं टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा, हात एकसारखे चालू आणि तोंडानं बोलणं. मान खाली विडीकडं असली की बोलायला सोपं जातं, कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही. नवऱ्यानं मंगळसूत्र विकल्याचं एकीनं त्या सुपाकडं बघतच सांगितलं आणि शेजारचीनं काही न बोलता तिच्या वाटणीच्या मूठभर विड्या वळून दिल्या. त्या बायका दिवसभर तंबाखूच श्वासात घेतात, त्यावर पण बोलायला हवं, पण ते वेगळ्या अंकात. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं, तिथं पण पेशंटच्या बायकांसाठी सहचरी म्हणून गट आहे. घरकुलात तुम्ही चौघी-पाचजणी जमलात तरी सुरू करा, वेळ तुमची, भाषा तुमची.

प्रश्न (विजापूर रोड, शिक्षक) : मॅडम, एवढं लाडीगोडी कशाला? हातभट्टी पोलिसांनी उद्ध्वस्त करावी, पिणाऱ्याला दोन रात्री आत टाकावं, सगळं सरळ होईल. काही वस्त्या तर पिढ्यान्‌पिढ्या त्यातच आहेत.

उत्तर : सर, भट्टी बंद व्हावी यात दुमत नाही, विषारी दारूनं माणसं मेलेली आपण सगळ्यांनी वाचलंय. पण पिणाऱ्याला आत टाकून काय होतं ते अमेरिकेनं करून बघितलंय. १९८६ साली त्यांनी कायदा केला, क्रॅक म्हणजे ओढायचं कोकेन, ते विकायला ठेवलेलं ५ ग्रॅम सापडलं तर किमान ५ वर्षं तुरुंग आणि तेवढ्याच शिक्षेसाठी पावडर कोकेन लागायचं ५०० ग्रॅम. दोन्ही एकच कोकेन. क्रॅक स्वस्त, ते गरीब ब्लॅक वस्तीत पकडलं जायचं, पावडर श्रीमंत गोऱ्यांच्या पार्टीत. हजारो घरांतले बाप, भाऊ आत गेले. २०१० मध्ये कायदा बदलला तरी फरक शंभरपटीवरून अठरापटीवरच आला. आणि एवढं करून वस्ती सुधारली का? २०१९ ते २०२० या एका वर्षात ओव्हरडोसनं मरणाऱ्या ब्लॅक लोकांचं प्रमाण ४४ टक्क्यांनी वाढलं, गोऱ्यांचं २२ टक्क्यांनी. तुरुंगातून आलेल्याला नोकरी नाही, घर नाही, आणि दवाखान्यात गेलं तर परत पोलिस ही धास्ती. दुखण्यावरच्या गोळ्यांचं व्यसन गोऱ्या घरांत शिरलं तेव्हा मात्र हा आजार आहे, उपचार द्या, असं सगळे म्हणायला लागले, आणि याचं दुःख त्या समाजाला आजही आहे.

पिढ्यान्‌पिढ्या म्हणालात तिथं मला थांबायचंय. आपल्या गावात सेटलमेंट नावाचा भाग आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तिथला एखादा म्हातारा आज पोलिस बघून गप्प होतो तर त्याला आडमुठा म्हणायचं का? सर, तुमच्या वर्गात त्या वस्तीतली पोरं असतील, त्यांच्यासमोर असं वाक्य जाऊ देऊ नका ही माझी कळकळीची विनंती.

आणि पोलिसांनीच वेगळं करून दाखवलेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मुळेगाव तांडा हातभट्टीसाठी ओळखला जायचा, धाडी पडायच्या, भट्ट्या मोडायच्या आणि पुन्हा लागायच्या. २०२१ मध्ये तेव्हाच्या ग्रामीण पोलिस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. धाडी चालूच ठेवल्या, पण त्याच्या जोडीला अधिकाऱ्यांना गावं वाटून दिली, तिथं सारखं जायचं, घरोघर बोलायचं, दारू गाळणाऱ्यांना दुसरा धंदा, शिवणकाम, दुकान, नोकरी, कर्ज मिळवून द्यायचं. धाड टाकणारा अधिकारीच तुझ्या पोराच्या कामाचं काय झालं म्हणून विचारायला लागला की बोलणं बदलतं.

प्रश्न (मोहोळ तालुका) : माऊली, वय ५१. वीस वर्षं दारू प्यालो. पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि सोडली, दीड वर्ष थेंब नाही. गेल्या महिन्यात पुतण्याच्या हळदीत घेतली, माळ काढून खिशात ठेवून घेतली. आता घरचे म्हणतात देवाला फसवलंस, फडावरचे वारकरी लोक काय म्हणतील म्हणून मी भजनाला जात नाही. रोज थोडी थोडी चालू झालीय. माळ परत घालायचा मला अधिकार आहे का?

उत्तर : माऊली, अधिकाराचं तुमच्या महाराजांना विचारा, पण लवकर विचारा, आणि मला खात्री आहे ते तुम्हाला परत बोलावतील, कारण वारीत पाय घसरलेल्याला मागं टाकून दिंडी पुढं गेलेली मी कधी ऐकली नाही.

तुमची दीड वर्षं वाया गेलेली नाहीत. वीस वर्षांच्या पिण्यानंतर असं घसरणं हे या आजारात होतं, फार जणांचं होतं. घातक आहे ते त्यानंतरचं लपणं. भजन सोडलंत म्हणजे ज्या माणसांनी तुम्हाला दीड वर्ष धरून ठेवलं त्यांनाच सोडलंत. ब्लॅक चर्चमध्ये पण हे घडतं, तिथं कितीतरी जण रविवारी प्रार्थनेला यायचे बंद होतात कारण पाप केलं अशी नजर सोसवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ग्लाइड नावाचं चर्च आहे, तिथले पाद्री सेसिल विल्यम्स यांनी १९८० च्या दशकात क्रॅकच्या लाटेत उलट केलं, व्यसनी माणसांना चर्चच्या आतच बसवलं आणि जे आहे ते सगळ्यांसमोर बोला म्हणाले, इथं कुणी न्याय करायला बसलेलं नाही.

श्रद्धेनं सुटते, माळेनं सुटलेले शेकडो आपल्या जिल्ह्यात आहेत, माझा त्यावर विश्वास आहे. पण माळेच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे रोज थोडी थोडी किती दिवस आणि किती घेताय ते डॉक्टरला सांगा, सकाळी हात कापत असतील तर एकदम बंद करू नका, वर अक्कांना लिहिलंय ते तुम्हाला पण लागू आहे. दुसरं, भजनी मंडळातल्या एकाला, फक्त एकालाच, हळदीतलं सगळं खरं सांगा. ए.ए.च्या मीटिंगमध्ये पण हेच करतात, नवीन माणसानं एक जुना जाणता धरायचा आणि प्यावंसं वाटलं की प्यायच्या आधी त्याला फोन करायचा.

लग्नसराई अजून संपलेली नाही, हळदीचं आमंत्रण आलं तर दुपारी अक्षता टाकायला जा, रात्री थांबू नका, आणि बरोबर घरातलं कुणीतरी ठेवा. पुतण्याला आधीच सांगून ठेवा की काकाला आग्रह करायचा नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन फुकट आहे, आणि मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला तर १४४१६ वर टेली मानस आहे. दोन्ही नंबर तुमच्या आणि वहिनींच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा.